पलीकडचं कुरोकावा

किनुए या गावात सून म्हणून आली, त्या दिवशी म्हाताऱ्यांनी तिची भारी थट्टा केली होती. कुरोकावाची मुलगी कुरोकावात दिली, मग वरात काढलीच कशाला, म्हणे! आता यात त्या पोरीचा काय दोष? एकाच डोंगराच्या दोन कुशींतून दोन नद्या निघतात. एक आमच्याकडे उतरते, दुसरी खिंडीपलीकडे. दोघींचं नाव कुरोकावा आणि दोघींच्या काठच्या गावांचंही तेच. देशात आणखी किती कुरोकावा आहेत ते कुणी मोजत बसलेलं नाही. नाव ठेवणाऱ्यांनी काळसर पाणी पाहिलं, नाव ठेवलं आणि मोकळे झाले. निस्तरायचं आम्ही.

आमच्याकडे बाहेरून आलेल्या सुनेला तिच्या माहेरगावाच्या नावानं हाक मारायची रीत आहे. किनुएच्या बाबतीत ती सोय नव्हती, म्हणून ती झाली ‘पलीकडची’. सासूनं, म्हणजे मासू आजीनं, तिचं खरं नाव कधी तोंडात घेतल्याचं कुणाला आठवत नाही. “ए पलीकडचे, चूल बघ. ए पलीकडचे, मुळे उपटलेस का?” दिवसभर हेच. किनुएही काही कमी नव्हती. ती म्हणायची, “बघते हो, अलीकडच्या आई.” मग दोघी तोंडं फिरवून आपापल्या कामाला लागायच्या.

नवरा बोगद्याच्या कामावर परगावी. किनुए पुलाजवळच्या सहकारी दुकानात बसायची. मीठ, खिळे, रबरी बूट, जे मागाल ते. गावातला एकुलता एक फोनही तिथेच होता.

तिच्या माहेरीही फोन एकच, आणि तो तिच्या भावाच्या, तोकुजीच्या किराणा दुकानात. तेही नदीला अगदी लागून. तोकुजीची बायको तामाए. कुणासाठी फोन आला की ही बाई रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवून धावत सुटायची. शेतात असो, न्हाणीत असो, त्या माणसाला ओढून आणायची आणि नसलाच तर स्वतः धापा टाकत परत येऊन तसं सांगायची. चुलीवरचं करपलं तरी चालेल, पण फोनवरचं माणूस ताटकळता कामा नये. तोकुजी म्हणायचा, हिला बायको करून आणली, पण ही तर टेलिफोन खात्याचीच निघाली.

आता त्या दिवसाचं सांगतो. वादळाचा पाऊस आदल्या दिवसापासून कोसळत होता. दुपारी दुकानाबाहेरच्या खांबावरचा भोंगा खरखरला. “कुरोकावा नदी धोक्याच्या पातळीकडे. काठच्या लोकांनी ताबडतोब उंचावर जावं.” बस्स, एवढंच. कुठली कुरोकावा ते सांगायची अक्कल भोंग्याला कुठून असणार!

दुकानात पाच-सहा माणसं होती. अग्निशामक पथकाचा प्रमुख गेनपाची रबरी बूट घालून बघत होता. तो दाराबाहेर डोकावला. नदी गढूळ होती, फुगलेली होती, पण बांधाच्या आत होती.

“आपली नाही ही,” तो म्हणाला. “आपल्या नदीला नावानं कोण हाक मारतं? पलीकडचीच असणार. किनुए, तुझं माहेर बुडतंय बघ.”

लोक हसले. किनुए मात्र फोनकडे धावली. तिनं फोनचं चक्र गरागरा फिरवलं. तामाएनं तोकुजीला धावत बोलावून आणलं.

“बुडतंय कुठलं!” तोकुजी फोनवर ओरडत होता. आवाजात नुसता आनंद. “अगं, आमच्या नदीचे दगड उघडे पडलेत. मासे तडफडतायत दगडांवर! अख्खा गाव टोपल्या घेऊन उतरलाय, पोरंसोरं सगळी. तुला वाळवून पाठवतो.”

“म्हणजे ती सूचना आमचीच,” किनुए म्हणाली. “तू आपला निवांत मासे पकड.”

निवांत मासे पकड. असं ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली.

मग तिनं गेनपाचीच्या पायातला बूट अक्षरशः ओढून काढला. “ऐकलंस ना? तिकडे नदी आटलीय. म्हणजे भोंगा आपल्यासाठी बोंबलतोय. चल, घंटा वाजव.” गेनपाचीनं कां-कूं केली, पण बाईच्या डोळ्यांकडे बघून निघाला. खालची आळी आवरली. म्हातारी माणसं पाठुंगळीला घेतली, भाताच्या पिशव्या उचलल्या आणि सगळे डोंगरउतारावरच्या देवळात जाऊन बसले. ते पोचतात न पोचतात तोच पाणी बांधावरून खालच्या रस्त्यावर आलं. लोक किनुएकडे बघायला लागले. कुणीतरी तिला गरम चहा आणून दिला.

मासू आजी खांबाला टेकून बसली होती. “तुला कसं गं कळलं, पलीकडचे?”

“दादाला फोन केला ना. त्यांची नदी आटलीय, आई. मासे वेचतायत.”

आजीचा हात चहाच्या वाटीवर तसाच राहिला. “कधी आटली?”

“आत्ताच, दुपारी.”

“या पावसात?”

आजीनं वाटी खाली ठेवली. तिचा बाप लाकडाचे ओंडके नदीतून वाहून न्यायचा, आणि ती लहानपणी त्याच्याबरोबर फिरलेली.

“माझा बाप म्हणायचा, पावसात नदी आटली तर मासे बघू नये, डोंगर बघावा. वर कडा कोसळलाय कुठेतरी. त्यानं पाणी अडवून धरलंय. तो बांध फुटला की झालं. अगं, ती माणसं नदीच्या पोटात उभी आहेत!”

किनुए उठली ती थेट पायऱ्यांकडे. गेनपाची आडवा आला. “खाली गुडघाभर पाणी आहे. वेड लागलंय का? मी जाऊ देणार नाही.”

“बाजूला हो, गेनपाची,” मागून मासू आजी म्हणाली. “तुझी दुपटी मी धुतलीयेत. मला अडवतोस?”

आणि ती म्हातारी सुनेच्या कमरेचा पट्टा मुठीत धरून तिच्यामागोमाग पाण्यात उतरली. किनुए म्हणाली, “तुम्ही कशाला?” आजी म्हणाली, “तू वाहून गेलीस तर माझ्या मुलाला मी काय तोंड दाखवू? चाल.”

दुकानात पाणी पोटऱ्यांना लागत होतं. मिठाची पोती खालून विरघळत चालली होती. फोन भिंतीवर होता, म्हणून वाचला होता. किनुएनं चक्र फिरवलं. एकदा, दोनदा. मग एक्स्चेंजमधल्या मुलीचा आवाज आला.

“कुठून बोलताय?”

“कुरोकावा.”

“कुठे जोडू?”

“कुरोकावा.”

“बाई, ही काय चेष्टेची वेळ आहे?”

“पलीकडचं गं! खिंडीपलीकडचं! तोकुजी किराणा! माणसं मरतील, जोड लवकर!”

खटखट वाजलं, मग घंटा. किनुएचे दात कडकडत होते. आजीनं दाराला पाठ लावून ते रेटून धरलं होतं, म्हणजे पाण्याबरोबर वाहत आलेले ओंडके आत येऊ नयेत.

“तोकुजी किराणा!” तामाएचा आवाज, नेहमीसारखा हसरा. “कुणाला बोलावू?”

“वहिनी, मी किनुए. दादा कुठाय?”

“नदीत. सगळेच नदीत आहेत, वन्सं. मी मोठं पातेलं चढवलंय, आज सगळ्यांना इथेच...”

“बाहेर काढ त्यांना! वर कडा कोसळलाय, पाणी तुंबलंय. ते फुटणार. सगळ्यांना वर चढव, डोंगरावर. आत्ता!”

तिकडे पातेल्याचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला.

“वहिनी, ऐकलंस ना? जा! मी फोन धरून ठेवते. सगळे निघाले की मला येऊन सांग.”

“हो. थांबा हं. ठेवू नका,” तामाए म्हणाली. रिसीव्हर टेबलावर टेकल्याचा आवाज आला, मग लाकडी चपला पळाल्या.

मग किनुए नुसती ऐकत राहिली. तिकडच्या छपरावरचा पाऊस, पातेल्यातलं रटरटणं. लांबून तामाएची हाक, माणसाच्या नावानिशी एकेक हाक. सगळ्या गावाला फोनवर बोलवून बोलवून तिचा गळा तयार झालेला. या बाजूला पाणी गुडघ्याशी आलं. कोपऱ्यातलं खिळ्यांचं खोकं आडवं झालं.

“ठेव आता तो फोन,” आजी म्हणाली. “सांगायचं ते सांगून झालं.”

“तिला म्हटलंय, थांबते.”

“अगं, दार धरवत नाही मला!”

“थोडंसंच, आई.”

पाणी मांडीला लागलं. किनुएनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

चपला आल्या, धावत.

“वन्सं!” तामाएला श्वास पुरत नव्हता. “आले! चढले सगळे. पोरं पण. हे सगळ्यांत शेवटी, टोपली सोडत नव्हते, शिव्या घातल्या तेव्हा... तुम्ही आहात ना अजून?”

“आहे गं, आहे!”

“मग बरं, मी आता...”

आणि लाइन गेली. किनुए हसत होती आणि रडत होती. “आले, आई! सगळे आले!” आजीनं तिला पट्ट्याला धरून फरफटत पायऱ्यांपर्यंत नेलं.

संध्याकाळी देवळातल्या ट्रान्झिस्टरवर बातमी आली, “कुरोकावा गाव चिखलाच्या लोंढ्यात वाहून गेलं.” गेनपाचीनं स्वतःला चिमटा काढून बघितला. कुणी हसलं नाही. सगळे किनुएकडे बघत होते. ती मात्र शांत होती. “घरं गेली असतील,” ती म्हणाली. “माणसं वर आहेत. वहिनीनं स्वतः सांगितलं मला.” त्या रात्री ती गाढ झोपली.

पाणी ओसरलं, पण रस्ता बंदच होता. मग एका सकाळी खिंडीच्या वाटेवरून तोकुजी उतरला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, दाढी वाढलेली. किनुए अंगणात चटया धूत होती. ती धावत गेली.

“दादा! वहिनी नाही आली?”

तोकुजी पायरीवर बसला. आधी तो रीतीप्रमाणे मासू आजीपुढे वाकला. “आजी, तुमच्याकडून निरोप आला म्हणून गाव वाचलं. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे आहेत.” मग तो आपल्या हातांकडे बघायला लागला. “तामाए गेली.”

किनुएच्या हातातला ब्रश खाली पडला.

“आम्हांला सगळ्यांना तिनंच वर काढलं. मी वर पोचलो, वळून बघतो तर ही उलटी घराकडे पळतेय. मी हाका मारल्या. तिनं नुसता हात केला, आलेच म्हणून. घरात शिरली आणि...” त्यानं मूठ पायरीवर आपटली. “घरात होतं काय एवढं? पैसे माझ्या कमरेलाच होते. कशाला गेली ती परत? एवढंच कळत नाही मला. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.”

किनुए सांगायला पुढे सरकली.

“मी बोलावलं होतं तिला,” मासू आजी म्हणाली. ताठ बसली होती ती. “फोन माझ्या हातात होता. मीच म्हटलं, आले की येऊन सांग. मला शिव्या घाल, पोरा. किनुएचा काही संबंध नाही.”

किनुए हे नाव त्या घरात तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

“नाही, आई,” किनुए म्हणाली. तिनं सासूचा हात हातात घेतला. “दादा, मी म्हटलं. फोन मी धरला होता. मी म्हटलं, धरून ठेवते, तू येऊन सांग. मी मेलीनं म्हटलं.”

तोकुजीनं तिच्याकडे पाहिलं. आता हा उठेल आणि परत कधी तोंड दाखवणार नाही, असं तिला वाटलं. आणि तसं झालं असतं तरी तिनं ते सोसलं असतं.

“आली होती फोनवर?” त्यानं विचारलं.

“आली होती.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आले सगळे. तू शेवटी. टोपली सोडत नव्हतास म्हणाली. मग विचारलं, तुम्ही आहात ना अजून.”

“तू होतीस?”

“होते.”

तोकुजीनं मान हलवली. चिखलाच्या बाहीनं डोळे पुसले.

“मग ठीक,” तो म्हणाला. “फोनवर कुणी थांबलंय म्हटल्यावर तिला राहवलंच नसतं.”