सरपणातल्या वाट्या

लग्न होऊन उमरोळीला आले, तेव्हा मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर होते आणि ट्रंकेत एक जाडजूड पुस्तक होतं. सासरी पदवीचं कौतुक पाहुण्यांपुरतंच. महिन्याचे चार दिवस मला इतर बायकांसारखंच मागच्या पडवीत, सरपणाशेजारी बसावं लागे. कशाला शिवायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. श्रावणात त्या ओल्या अंधारात जीव नुसता कोंडायचा.

अशीच एकदा बसले असताना सरपणातल्या एका कुजक्या ढलप्यावर इवल्याशा वाट्या दिसल्या. वालाच्या दाण्याएवढी एकेक, आणि तळाशी मोहरीएवढी करडी अंडी. मी ढलपा मांडीवर घेतला.

सासूबाईंनी दारातूनच पाहिलं. "किड्याची अंडी हायत ती. टाक तिकडं."

केसातला आकडा काढून मी एक अंडं उचललं, तर त्याला बारीक तंतू. किड्याच्या अंड्याला शेपूट कुठलं? बुरशीच ही! पण कोणती? चित्र पुस्तकात पाहिल्याचं आठवत होतं, नाव आठवेना. ते नाव मला हवंच होतं. भाकऱ्या आणि निवडणं-टिपणं यांखेरीज आपल्याला काही येतं, असं माझं मलाच वाटेनासं झालं होतं.

"आई, ट्रंकेतलं पुस्तक तेवढं लांबून टाकता?"

"पुस्तक म्हंजे सरस्वती. विटाळात नाय द्यायचं."

संध्याकाळी नवरा तारापूरच्या बांधकामावरून आला, तेव्हा त्यालाही विनवून पाहिलं. आईकडे बघत तो म्हणाला, "चार दिवसांत ती बुरशी काय पळून जाणार हाय?" ढलपा फेकून मारावासा वाटला, पण मला तो हवा होता.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी न्हायला भरपूर कढत पाणी काढलं. माझ्या डोक्यावर तांब्या ओतत मायेनं म्हणाल्या, "ऊन हाय ना? ते लाकूड तू शिवलीस, मग चुलीत कसं चालंल? तुझ्याच पाण्याखाली घातलं. धुमसलं लई, पण वाया नाय जाऊ दिलं."

मी शिवले नसते, तर ते ढिगात तसंच पडून राहिलं असतं.

ओल्या केसांनीच ट्रंक उघडली. पान लगेच सापडलं. तिथं दोन वाट्या शेजारी-शेजारी काढलेल्या, नावं वेगळी. फरक एवढाच, की एकीला आतून उभ्या रेघा असतात, दुसरीला नसतात. मी डोळे मिटले. इतके दिवस मांडीवर घेऊन बसले होते, पण आत रेघा होत्या की नव्हत्या, ते मला काही केल्या आठवेना.