पत्रा कशाने खाल्ला

मैत्रिणी तिला ठिणगी म्हणायच्या, कारण ती वेल्डिंग करायची. खरं तर तिच्या वेल्डिंगमध्ये ठिणग्या उडतच नाहीत. गॅसच्या झोतात सुईएवढ्या टोकाखाली स्टीलचा थेंब वितळतो आणि श्वास रोखून तो थेंब केसाकेसाने पुढे न्यावा लागतो. हे तिने सुरुवातीला दोनचार वेळा समजावून सांगितलं, मग नाद सोडला. नाव पडलं ते पडलं.

कारखान्यात ती लागली होती पॉलिश मारायला. तिथे स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या बनायच्या, दुधाच्या, औषधांच्या आणि अलीकडे बिअरच्या. म्हाताऱ्या मिस्त्रीने एक दिवस तिच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला आणि म्हणाला, "साहेबांच्या केबिनपर्यंत नेऊन परत आण." तिने नेला, आणला. बशीत थेंब नव्हता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने तिच्या डोक्यावर वेल्डिंगचा काळ्या काचेचा मुखवटा चढवला. त्याला आता बावीस वर्षं झाली. मिस्त्री गेला, कारखान्याचे मालक बदलले, पण टाकीच्या बुडाचा निमुळता भाग जोडायचा झाला की अजूनही हाक तिलाच. बूड जोडून झालं की झाकणाजवळ ती आपला वेल्डरचा नंबर ठोकायची, सतरा.

सहलीची कल्पना बाईंची. बाई म्हणजे तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणींपैकी एक, आता स्वतःच मुख्याध्यापिका झालेली. घरीदारी सगळे तिला बाईच म्हणत. दुसरी नर्स, तिसरी बँकेत कॅशियर. चौघींनी मिळून एक दिवस घराबाहेर काढायचा, असं वर्षभर नुसतंच चाललं होतं. शेवटी बाईंनी कुठूनसं शोधून काढलं की डोंगरापलीकडे छोट्याछोट्या ब्रुअऱ्या निघाल्यात, घरगुती पद्धतीने बिअर बनवतात, आत नेऊन दाखवतातही. तीन ब्रुअऱ्या, एक दिवस. नर्स पीत नव्हती, त्यामुळे गाडी तिच्याकडे.

ठिणगीने बाईंना फोनवर सांगितलं, "नदीकाठची ती एक घे बरं का यादीत. तिथे माझ्या टाक्या आहेत. मी बुडं जोडलीत त्यांची."

"घेतली गं बाई, घेतली."

घेतली, पण शेवटी घेतली.

पहिल्या ब्रुअरीत माहिती सांगणारा तरुण होता. तो तासभर बोलला. बार्ली कशी भिजवतात, कशी भाजतात, यीस्ट म्हणजे काय. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि वर शंका विचारल्या, अगदी पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या. ठिणगीला बार्लीत रस नव्हता असं नाही, पण तिचा जीव घड्याळात अडकला होता. सकाळी साडेनऊला निघूनही त्या खऱ्या वाटेला लागल्या पावणेअकराला, कारण कॅशियरला घरातून निघताना कपाट उघडंच राहिल्याचा भास झाला होता आणि अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन पाहावं लागलं. कपाट बंद होतं.

दुसऱ्या ठिकाणी लाकडी फळीवर आठ छोटे ग्लास मांडून आणले. कॅशियरने प्रत्येकाचे फोटो काढले, मग चव घेतली, मग पुन्हा पहिल्यापासून चव घेतली कारण तिसरा आणि पाचवा तिला सारखेच लागत होते. जेवण मागवलं ते येता येईना. ठिणगीने दोनदा उठून स्वयंपाकघराच्या दारात डोकावलं.

"अगं बस ना," बाई म्हणाल्या, "कुठे आग लागलीय?"

"नदीकाठी शेवटचे लोक चारला आत सोडतात. तूच म्हणालीस."

"पोचू गं. सगळं होतं."

पोचल्या तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

गल्ल्यामागे ब्रुअरीचा मालक स्वतःच उभा होता, तिशीचा, बारीक दाढीचा, दिवसभर हसून थकलेला. "काकू, आत नेणं बंद झालं आता. बाहेर बसा, छान वारा आहे."

ठिणगी एरवी अशा वेळी गप्प बसणारी. पण सकाळपासून तिने बरंच गिळून झालं होतं. ती म्हणाली, "पाच मिनिटं फक्त. तुमच्या टाक्या आमच्या कारखान्यातल्या आहेत. त्यांची बुडं मी जोडलीत."

मालकाचं हसू तिथल्या तिथे विझलं. "तुम्ही?" त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं झालं आलात. या, या. तुम्हालाच दाखवायचंय."

मागून तिघीही आत शिरल्या. ओल्या फरशीची मोठी खोली, एका रांगेत चार टाक्या, छतापर्यंत चकचकीत. कारखान्यातून निघताना या टाक्या आडव्या असायच्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रकवर बांधलेल्या. उभ्या, जोडलेल्या, कामाला लागलेल्या ठिणगीने कधी पाहिल्याच नव्हत्या. तिने हात पुढे केला, तोच मालकाने तिसऱ्या टाकीच्या बुडाकडे बोट दाखवलं.

बुडाशी तपकिरी डाग पडले होते आणि एका डागातून थेंब थेंब पाझरत होतं. खाली बादली ठेवली होती.

"दोन वर्षं नाही झाली अजून," मालक म्हणाला. आवाज चढत गेला. "अख्खी टाकी बिअर गटारात ओतली मागच्या आठवड्यात. हे तुमचं वेल्डिंग! शिकाऊ माणसांकडून करून घेता का हो?"

नर्सने कॅशियरकडे पाहिलं. कॅशियरने मोबाईल पर्समध्ये टाकला.

ठिणगी उकिडवी बसली. चष्मा पुसला. बोट फिरवून जोडाची रेषा शोधली. रेषा होती तशीच होती, एकसारखी, बारीक. डाग होते रेषेच्या चार बोटं खाली, कोऱ्या पत्र्यावर. टाचणीने टोचल्यासारखी भोकं.

"जोड शाबूत आहे," ती म्हणाली. "पत्रा खाल्लाय. टाकी कशाने धुता?"

"आता तुम्ही मला टाकी धुवायला शिकवणार?"

कोपऱ्यात रबरी बूट घातलेली एक मुलगी पाइप गुंडाळत होती, तिथली बिअर बनवणारी. तिचे हात थांबले. तिच्या मागे निळा ड्रम होता आणि त्याचा वास ठिणगीला आत शिरल्यापासून येत होता, पोहण्याच्या तलावावर येतो तसा.

"ते ब्लीच आहे ना? त्याने स्टीलला भोकं पडतात. धुतल्यावर बुडाशी पाणी साचतं, तिथेच खातं ते. बाकीच्या तीन टाक्यांचीही बुडं बघा, आज ना उद्या…"

"म्हणजे चूक आमची?"

"जोडाची नाही, एवढंच म्हणते मी."

"हे बघा, मी तुमच्या कारखान्याशी बोलेन. तुमच्याशी कशाला बोलू?"

ती उत्तर द्यायला उठली, तेवढ्यात बाईंनी तिचा दंड धरला. "चल गं. सोड. सुट्टीचा दिवस आहे." आणि मालकाकडे वळून, शाळेत पालकांशी बोलावं तशा गोड आवाजात त्या म्हणाल्या, "माफ करा हं. कामाच्या बाबतीत जरा हळवी आहे ती."

मग चौघी बाहेर बसल्या. वारा खरंच छान होता. ठिणगीसमोर ग्लास आला, त्यावरचा फेस बसला, बिअर कोमट झाली. तिने ओठाला लावली नाही.

परतीच्या वाटेवर डोंगर उतरून झाला. मग ठिणगी एकदम म्हणाली, "तू माफी का मागितलीस?"

बाई पुढच्या सीटवर होत्या. "वाद वाढत होता. मिटवला."

"कुणाच्या वतीने?"

"अगं, तो ओरडत होता तुझ्यावर. मला नाही बघवलं."

"तो ओरडला ते चाललं असतं मला. त्याला काही माहीत नाही. तू मला चाळीस वर्षं ओळखतेस. उद्या मी तुझ्या शाळेत यावं, सगळ्यांसमोर म्हणावं, माफ करा, आमच्या बाईंना शिकवता येत नाही, पण मनाने हळव्या आहेत. चालेल?"

"असं नव्हते म्हणाले मी."

"असंच म्हणालीस."

नर्सने गाडी बाजूला घेऊन थांबवली. कुणीच उतरलं नाही. पलीकडून ट्रक जात राहिले. कॅशियरने पाण्याची बाटली पुढे केली, ती कुणी घेतली नाही. शेवटी नर्स म्हणाली, "निघू?" आणि उत्तराची वाट न पाहता निघाली.

सोमवारी कारखान्याच्या मालकांनी तिला बोलावलं. ब्रुअरीची तक्रार फोटोंसकट आली होती. तिने फोटोवर बोट ठेवलं. "हा जोड. हे डाग. बघा तुम्हीच."

"दिसतंय मला," मालक म्हणाले. "मी काय आंधळा आहे? पण तो आणखी सहा टाक्या घेणार आहे. जा, दुरुस्त करून दे. दोन तासांचं काम."

"मग वेल्डिंगचा दोष आपण कबूल केल्यासारखंच झालं ना?"

"कबूल कुठे? आपण फक्त दुरुस्त करतोय."

ती गेली. ब्रुअरीचा मालक परगावी होता, ते एक बरं झालं. रबरी बुटांच्या मुलीने टाकी रिकामी करून ठेवली होती. ठिणगीने खाल्लेला पत्रा कापून काढला, नवा तुकडा बसवला, कडेने जोडला. टाकीत पाणी भरून दोघी बुडाशी बसून राहिल्या. पाझरलं नाही.

"ताई," मुलगी म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना. दोनदा. म्हणाले, तू नवीन आहेस."

ठिणगीने कापलेला तुकडा तिच्या हातात दिला. "उजेडात धर."

मुलीने धरला. दहाबारा भोकांतून उजेड आला.

दुरुस्तीच्या कागदावर कारखान्यातूनच टाइप करून दिलं होतं, दोष: वेल्डिंग. ठिणगीने ते खोडलं आणि वर पेनाने लिहिलं, 'जोड शाबूत. पत्रा ब्लीचने खाल्ला.' खाली सही केली. मुलीने पेन मागून घेतलं आणि तिच्या शेजारी स्वतःचीही केली. तिला नोकरी टिकवायची आहे, हे ठिणगीला कळत होतं. नको म्हणावं असं तिला वाटलं, पण म्हणवलं नाही.

त्या कागदाचं काही झालं नाही. ऑफिसातल्या क्लार्कनेच तिला हळूच सांगितलं की मालकांनी तो वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि ब्रुअरीला दुसरा टाइप करून पाठवला, 'वेल्डिंगची त्रुटी दूर केली आहे.' ती तडक केबिनमध्ये गेली. मालकांनी हात जोडले. "अगं, तुझं बरोबर आहे. बरोबर असून काय करायचंय आपल्याला?"

बाईंचा फोन आला तो दहा दिवसांनी. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या ब्रुअरीवाल्याला मी पत्र लिहू का? सगळं नीट, मुद्देसूद. तू फक्त सांग, मी लिहिते." ठिणगीने सांगितलं. पत्र चांगलं झालं होतं. त्याला उत्तर आलं नाही. सहा टाक्यांची ऑर्डर मात्र आली.

त्या टाक्यांची बुडं जोडायला घेण्याआधी ठिणगी पुन्हा केबिनमध्ये गेली. प्रत्येक टाकीवर एक छोटी पट्टी लावायची, 'ब्लीच वापरू नये' अशी. तेवढं करा, नाहीतर बुडं दुसऱ्या कुणाकडून जोडून घ्या.

मालकांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "गिऱ्हाइकाला वाटेल आपण त्याला अक्कल शिकवतोय. बाहेरून नको. झाकणाच्या आत लाव. आत कुणाला दिसते?"

"धुणाऱ्याला," ती म्हणाली आणि मुखवटा उचलून कामाला निघाली. राग गेलेला नव्हता.