चौदा झाडांचा परवाना

भांगेची झाडं घरी लावायला त्या काळी सरकारची परवानगी मिळू शकत असे, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्या घरी ती होती. सोलापुरात, गिरणीमागच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या घराच्या परसात, मोजून चौदा झाडं. परवाना एका वैद्यबुवांच्या नावावर होता, जागा आमची होती, आणि झाडांची निगा राखणारा माणूस म्हणून माझ्या वडिलांचं नाव त्या कागदावर टंकलिखित अक्षरांत होतं. त्या कागदाचं पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं. मी आता पंचावन्न वर्षांचा आहे. त्याबद्दल इतकी वर्षं मी ज्या शब्दांत स्वतःशी बोलत आलो ते शब्द मला पुरेसे खरे वाटत नाहीत, म्हणून हे लिहून पाहतो आहे.

वडील मूळचे सांगोल्याकडचे. घराण्यात मेंढरं होती, शेती नावापुरती. विशीच्या आत ते सोलापूरला आले आणि जवळजवळ सारं आयुष्य मागावर उभे राहिले. छातीत कापसाची धूळ बसली तेव्हा काम सुटलं. आई त्याआधीच गेली होती. खोकल्याच्या औषधासाठी ते वैद्यबुवांकडे गेले आणि तिथेच रमले. रोज सकाळी जाऊन खलात औषधं कुटू लागले. वैद्यबुवा त्यांना ‘अहो’ म्हणत, स्वतःच्या शेजारी बसवून चहा देत. गिरणीत त्यांना आयुष्यभर कुणी ‘अहो’ म्हटलं नव्हतं. घरी मीही त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे.

वैद्यबुवा भांगेला विजया म्हणत. ती शुद्ध करून पोटाच्या जुन्या दुखण्यांवर आणि झोप न येणाऱ्या रोग्यांसाठी ते चूर्ण करीत. त्यासाठी थोडी झाडं वाढवण्याची परवानगी त्यांच्याकडे फार वर्षांपासून होती. पण दुष्काळ सरल्यानंतरच्या एका वर्षी शेजाऱ्याने घरावर मजला चढवला आणि वैद्यबुवांच्या अंगणातलं ऊन गेलं.

“आमच्या परसात सकाळी धा वाजल्यापासनं ऊन पडतंय की,” वडील म्हणाले.

“अहो, पण तुम्ही जन्मात कधी झाड लावलंय का?”

“न्हाय. तुमी सांगा, मी करतो.”

वैद्यबुवांनी अर्ज केला, खात्याचा माणूस येऊन परस मोजून गेला, आणि आषाढात वडिलांनी ओल्या मांजरपाटात बी गुंडाळून ठेवलं. नवख्या माणसाच्या सगळ्या चुका त्यांनी केल्या. आमच्या परसातली काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यात वाळू आणि लेंडीखत मिसळल्याशिवाय मुळं श्वास घेत नाहीत, हे त्यांना रोपं पिवळी पडल्यावर कळलं. मायेपोटी ते दोन वेळा पाणी घालत. वैद्यबुवांनी येऊन बोट मातीत खुपसायला शिकवलं: दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी. तोवर एक रोप कुजून गेलं होतं. वडील ते उपटून टाकणार इतक्यात वैद्यबुवांनी त्यांचा हात धरला.

“फेकू नका. मुळासकट वाळवा, चिठ्ठी बांधा आणि टांगून ठेवा. परवान्यात चौदा लिहिलेत. जिवंत असो की मेलेलं, मोजणीला चौदाच दाखवावी लागतील.”

तेव्हा मी घरात नव्हतो. हे बोलणं मला फार पुढे कळलं. मला दिसली ती फक्त परसदाराच्या चौकटीला टांगलेली एक वाळकी काडी, तिला बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर वडिलांच्या वाकड्या अक्षरांत तारीख. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं. काडी कशासाठी आहे, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी अर्धा तास आनंदाने सांगितलं असतं, आणि तो अर्धा तास मला नको होता.

झाडं कमरेएवढी झाली. शेंडे खुडल्यावर फांद्या बाजूंना पसरल्या. कळ्या दिसू लागल्या तेव्हा वैद्यबुवांनी वडिलांना नर झाडं ओळखायला शिकवलं. ती वेळीच काढली नाहीत तर बाकीच्या झाडांना बी धरतं आणि औषधाचा कस जातो. दोन नर झाडं निघाली. चौकटीवर तीन काड्या झाल्या. परसात अकरा झाडं उभी राहिली.

शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती. भिंतीपलीकडच्या काकू परसात कपडे वाळत घालायला आल्या की म्हणत, “आबा, ह्यातलं एक पान द्या की. आमचा म्हातारा झोपंत नाय, आन् मला झोपू देत नाय.”

“पान मागू नको बाई. सरकारचं जावई हायेत हे. दिवाळसण झाला की सायब येऊन मोजणार.”

“पोराचं लगीन ऱ्हायलं, आन् आबा जावई सांभाळलालेत!”

दोघंही हसत. वडिलांना खोकला येई, तरी ते हसत. परवान्याची प्रत त्यांनी चौकट करून देवांच्या फोटोंशेजारी लावली होती. माझ्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्राला चौकट कधी मिळाली नव्हती. हे मी त्या वेळी मनात नोंदवलं होतं, आणि आज इथे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

मी तेव्हा एका शाळेत कारकून होतो. वस्तीत मला मास्तर म्हणत आणि मी कुणालाही दुरुस्त करीत नसे. दिवाळीनंतर टेंभुर्णीचं एक स्थळ आलं. मुलीचे मामा घर पाहायला येणार होते. रविवार ठरला. मामांचा नाक्यावर मालवाहतुकीचा धंदा होता. ट्रकवाल्यांत वावरणाऱ्या त्या माणसाला ही झाडं ओळखायला पान पाहण्याचीही गरज नव्हती. दाराजवळच्या झाडांच्या फुलोऱ्याचा वास त्या दिवसांत पुढच्या खोलीपर्यंत येत होता.

“आबा, एवढा रविवार झाडांचं काहीतरी करा,” मी म्हटलं.

“काय करायचं? जमिनीत हायेत ती.”

“पाहुणे काय म्हणतील?”

“म्हणू देत की. परवाना हाय. चौकट काढून हातात देतो त्यांच्या. चोरी हाय व्हय?”

ते खरोखरच ती चौकट मामांच्या हातात देणार होते.

शनिवारी पहाटे वडील सांगोल्याला गेले. भावकीत कार्य होतं, आणि येताना ते एक पोतं लेंडीखत आणणार होते. म्हणून रिकामं पोतं घेऊन गेले. दुपारी शाळा सुटल्यावर मी परसात गेलो. मागच्या भिंतीलगतची आठ झाडं दोरीवर चादरी वाळत घालून झाकता आली. दाराजवळची तीन मात्र बैठकीतून सरळ दिसत होती. ती मी उपटली. मुळं सहज निघाली. माती इतकी भुसभुशीत वडिलांनीच केली होती. मग ती तोडून न्हाणीतल्या बंबात घातली. ओली फांदी जळत नाही, नुसती धुमसते. दाट, गोडसर धूर भिंतीवरून पलीकडे गेला.

“काय जाळलालाव ओ मास्तर?” काकूंचा आवाज आला.

“ओला पाला आहे, काकू.”

“बरं,” काकू म्हणाल्या. पुढे त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. शिकलेल्या माणसाच्या शब्दाविरुद्ध बोलायचं नसतं, अशी त्यांची समजूत असावी. त्या समजुतीचा फायदा मी घेतला.

देवांशेजारची चौकटही मी काढून पेटीत ठेवली.

रविवारी सकाळी वडील एसटीतून उतरून, खांद्यावर भरलेलं पोतं घेऊन आले. पोतं ठेवायला परसात गेले आणि तिथेच थांबले. मी मागे उभा होतो. त्यांनी तीन खळग्यांकडे पाहिलं, मग चौकटीवरच्या काड्या मोजल्या. काड्या तीनच होत्या.

“तीन झाडं कुटं गेली?”

“मला माहीत नाही, आबा.”

“काल हुतास न्हवं घरात?”

“मी परसात गेलोच नाही.”

तेवढ्यात पुढच्या दारात पाहुण्यांच्या चपला वाजल्या. वडिलांनी हात धुतले, टोपी सारखी केली आणि बाहेर आले. मामांशी ते पाऊसपाण्याचं, गिरणीचं, सांगोल्याच्या नातेवाइकांचं बोलत राहिले. त्यांचा आवाज एकदाही बदलला नाही. मामांना घर आवडलं. माझं लग्न त्या बैठकीत ठरलं.

पाहुणे गेले आणि वडिलांनी पुन्हा चपला घातल्या. “वैद्यबुवांना सांगाया पायजे. त्यांच्या नावावर हाय ते,” म्हणाले. मी सोबत गेलो. कशासाठी गेलो, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. पितृप्रेमाने गेलो नव्हतो. माझं नाव निघतं की काय, ते पाहायला गेलो होतो.

वैद्यबुवांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे वळले. “काल तू घरी होतास. झाडं दिसली होती का तुला?”

“मी परसात गेलो नव्हतो.”

“दिवसभरात एकदाही?”

मी काही बोलण्याआधी वडील बोलले. “त्यो खोटं बोलत न्हाय, वैद्यबुवा. माझ्या पोराचा शबुद मी देतो. लहानपणापास्नं कदी खोटं बोलला न्हाय त्यो.”

चोराने नेली असती तर अकराही नेली असती, हे तिथे तिघांनाही कळत होतं. मुलाने काही केलं नाही, याची तर बापच हमी देत होता. मग वैद्यबुवांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “सांगोल्याला जाताना पोतं नेलं होतंत ना?”

झाडं त्या पोत्यातून त्यांनीच नेली का, हा प्रश्न वडिलांना समजायला थोडा वेळ लागला. समजला तेव्हा ते उठून उभे राहिले. ती माझी वेळ होती. दोन माणसं, एक खोली, एक वाक्य. मी जमिनीकडे पाहत राहिलो आणि मुलीच्या मामांचा होकार फिरेल, एवढा एकच विचार करीत राहिलो.

“उद्यापासून खलावर येऊ नका,” वैद्यबुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वडिलांना कदाचित भांडता आलं असतं.

वैद्यबुवांनी स्वतःच खात्याला कळवलं. साहेब आले, आठ झाडं आणि तीन काड्या मोजल्या, पंचनामा केला. वय आणि छातीचं दुखणं पाहून वडिलांवर पुढे कारवाई केली नाही, पण परवाना संपला. उरलेली झाडं साहेबांसमोर उपटली गेली. ती उपटायला वडिलांनाच सांगण्यात आलं होतं. मी त्या दिवशी शाळेतून रजा घेतली नाही.

लग्नाला वैद्यबुवांना पत्रिका गेली. ते आले नाहीत. वडिलांनी मांडवात दोन वेळा रस्त्याकडे पाहिलं, एवढं मला आठवतं.

त्यानंतर ते सकाळी कुठे जात नसत. ओट्यावर बसून राहत. वैद्यबुवांकडे जाणारे लोक त्या रस्त्याने जात आणि वडील त्यांना नमस्कार करीत. दुसऱ्या वर्षी खोकला वाढला, तेव्हाही ते तिकडे औषधाला गेले नाहीत. एका संध्याकाळी त्यांना धाप लागलेली पाहून माझा धीर सुटला आणि मी सगळं सांगितलं. उपटणं, बंब, चादरी, चौकट. सांगताना मला रडू आलं. खरं सांगायचं तर त्या रडण्यात मला बरंही वाटत होतं.

वडिलांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मला सांगून काय उपेग? त्यांना सांग.”

“सांगतो, आबा. रविवारी जातो.”

रविवारी शाळेचं काम निघालं, असं मी म्हटलं. पुढच्या सोमवारी त्यांनी विचारलं, “गेलतास का?” मी येत्या रविवारचं नाव घेतलं. त्यानंतरच्या सोमवारीही त्यांनी विचारलं. तिसऱ्या सोमवारी त्यांनी विचारलं नाही, आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. वैद्यबुवांचं घर आमच्यापासून वीस मिनिटांच्या वाटेवर होतं.

त्या थंडीत वैद्यबुवा गेले. वडील अंत्ययात्रेला चालत गेले, मीही गेलो. घरच्या माणसांनी वडिलांना ओळखलं, पण कुणी पुढे बोलावलं नाही. ते शेवटच्या रांगेत उभे राहिले. परतताना मी म्हटलं, “आबा, त्यांच्या मुलाला सांगू का?”

“आता ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “ज्याला सांगायचं हुतं त्यो गेला.”

वडील त्यानंतर नऊ वर्षं जगले. आमच्यात भांडण झालं नाही. ते माझ्याशी जेवणाखाणाचं, हवापाण्याचं नीट बोलत, माझ्या पगारवाढीला त्यांनी पेढेही वाटले. पण घरात काही फुटलं, हरवलं, कुणी येऊन गेलं किंवा शेजारी काही घडलं, तर काय झालं हे ते सुनेला विचारीत. मी समोर बसलेला असलो तरी तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून विचारीत.