भाऊजींचा लाल खडा

भाचा घनसावंगीला आला तो दारातच म्हणाला, "मावशी, बाबा गेले. डाळमिलमध्येच, बसल्या जागी..." मला रडू फुटलंच, पण पाठोपाठ तोंडून निघालं, "आणि खडा?"

"डाळीतच राह्यला."

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून आमचे भाऊजी. निजामाचं राज्य गेल्यावर थोड्याच वर्षांत त्यांनी कुंभार पिंपळगावात इंजिनावर चालणारी डाळमिल टाकली. मोठ्या जात्यात तूर भरडायची, पंख्यानं फोल उडवायचं, चाळणीनं चुरी खाली पाडायची, सगळं यंत्रच करणार. गावातल्या बाया मात्र म्हणत, "इंजिनाची डाळ बिलकुल नको, दात पडतील." कुणी फिरकेना. मिल बंद पडायची वेळ आली, तेव्हा भाऊजींनी ठरवलं की माझ्या लग्नाचं वरण याच डाळीचं करायचं. मी भडकले, "तुमच्या इंजिनापायी माझ्या लग्नाचा तमाशा नको!"

"मेहुणीबाई, बिनघोर बोहल्यावर चढा. माझी चाळणी खडा सोडत न्हाई."

पंगत बसली. जावई असूनही भाऊजी स्वतः वाढत होते. माझ्या शेजारी नवरदेवाच्या दाताखाली कचकन वाजलं... भाऊजी पांढरेफटक पडले. सगळं गाव पंगतीत. एका 'थू'वर मिल बुडणार होती. आमच्या ह्यांनी मात्र खडा गालात धरला अन् म्हणाले, "वरण बराबर झालंय. अजून वाढा." नवरा चांगला मिळाला हे मला तिथंच कळलं! हात धुताना त्यांनी तो लाल खडा गुपचूप भाऊजींच्या तळहातावर ठेवला.

खडा अगदी डाळीएवढा होता. चाळणीला माप कळतं, वजन कळत न्हाई, हे भाऊजी त्या दिवशी समजले. तेव्हापासून यंत्रातून निघालेल्या प्रत्येक ढिगात ते तोच खडा मुद्दाम टाकत आणि सूप घेऊन डाळ घोळत बसत. पुरुष माणूस अन् हातात सूप! बाया फिदीफिदी हसल्या. "हसा हसा. माझा खडा घावला म्हंजे बाकीचेबी निघाले." तो घावेपर्यंत डाळ कुणालाच मिळत नसे. पुढं त्याच बाया तुरीची पोती घेऊन दारात भांडायच्या, माझा नंबर आधी म्हणून.

तेरावं झालं आणि मी मिलमध्ये गेले. सूप डाळीच्या ढिगावर तसंच पडलेलं. भाचा म्हणाला, "लोक थांबलेत, मावशी. देऊन टाकू?"

"खबरदार!" मी पदर खोचला आणि घोळायला बसले. एवढा मोठा ढीग मागं ठेवून जातात का कुणी, म्हणून भाऊजींना मोठ्यानं रागावलेसुद्धा. डाळ पुढं सरकत होती, डोळे पुसावे लागत होते. ढीग संपत आला तेव्हा सुपात तो लाल खडा मागं राहिला.

"आता दे डाळ," मी म्हटलं. भाच्यानं खड्यासाठी हात पुढं केला. माझी मूठ काही केल्या उघडेना... मग उघडली.

"पुढच्या ढिगात टाक."