पहिली वेलांटी

"पहिली! अहो, पहिली वेलांटी! हिला दुसरी कुणी दिली?"

ओरडत होते माझे वडील, वय वर्षं एक्याऐंशी. ठिकाण होतं एका वृद्धनिवासाचं चकचकीत दालन, आणि आम्ही तिथे त्यांच्यासाठीच जागा बघायला गेलो होतो. आवाज असा, की कोपऱ्यातल्या तिघा आजोबांनी कानातली यंत्रं काढून ठेवली आणि तरीही त्यांना सगळं ऐकू गेलं. समोर भिंतीवर पितळी अक्षरांत 'स्मृतीभ्रंश विभाग' असं लिहिलं होतं, आणि वडील खिशातली लाल पेन्सिल काढून त्या पितळेवर खूण करू पाहत होते. व्यवस्थापकांनी अदबीनं विचारलं, काय झालं आजोबा. वडिलांनी समजावलं, की 'स्मृती' एकटी असली तर दुसरी वेलांटी, पण समासात तिच्यापुढे दुसरा शब्द आला की पहिली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "एवढं विसरता कसं?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला त्या दिवशी आपण नाश्ता केला की नाही हे आठवत नव्हतं. माझ्या बायकोचं नाव आठवत नव्हतं, तिला ते सहा महिने नुसतं 'बाई' म्हणत होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते दर संध्याकाळी ती कुठे आहे म्हणून विचारत. पहिले काही दिवस आम्ही खरं सांगितलं. तेव्हा दर संध्याकाळी ती नव्यानं जायची. मग आम्ही ती मंडईत गेली आहे असं सांगू लागलो. "मग येईल दोन तासांनी," ते म्हणायचे, आणि निश्चिंत व्हायचे.

वडील मुद्रितशोधक होते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी सदतीस वर्षं प्रुफं तपासली. पेठेत म्हणायचे, की डॉक्टर चुकला तर माणूस एकदाच मरतो, यांच्या हाती कागद लागला तर लिहिणारा रोज मरतो. एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घाईत दुसरीकडे छापून घेतली आणि तिच्यावर आलं 'शूभविवाह'. वडिलांनी पत्रिका आदरानं घेतली, दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि म्हणाले, हे टिकायचं नाही. सात महिन्यांत मुलगी माहेरी. हे मी सांगतोय म्हणजे निम्मं तरी खरं असणार, पण त्यानंतर पेठेत एकही पत्रिका आमच्या जिन्यावरून वर आल्याशिवाय छापायला गेली नाही, हे मात्र पूर्ण खरं.

त्या छापखान्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. शाईचा, रॉकेलचा आणि दर तासाला येणाऱ्या चहाचा. शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी लावणारे जुळारी वडिलांना इतके टरकून असत, की ते दारातून येताना दिसले की खिळे आपोआप सरळ उभे राहत. मोठं पुस्तक असलं की वडील प्रुफं घरी आणत आणि मला हस्तलिखित मोठ्यानं वाचायला बसवत. सगळं वाचायचं, विरामचिन्हांसकट. "तो गेला स्वल्पविराम पण परत आला नाही पूर्णविराम." मी शाळेतही असाच वाचू लागलो तेव्हा बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं.

पुढे देशाची दारं उघडली आणि पुण्यातली निम्मी पोरं त्या दारातून बाहेर पडली. दोन हजार साल उजाडताना जगातली सगळी यंत्रं बंद पडणार अशी आवई उठली, तेव्हा आम्हा संगणकवाल्यांना विमानं भरभरून अमेरिकेला नेलं. तिथून मी घरी पहिलं पत्र लिहिलं. चांगलं चार पानी, बर्फाची वर्णनं, आईच्या आमटीची आठवण, एके ठिकाणी शाई फुटावी इतका गहिवर. महिन्याभरानं पाकीट आलं. आत माझंच पत्र, लाल खुणांनी भरलेलं, आणि खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ : 'आशय चांगला. आईला आवडले. चुका अकरा.' मी पुढचं पत्र शब्दकोश घेऊन लिहिलं. चुका सात. दोन वर्षांत मी दोनपर्यंत खाली आलो होतो, आणि तेवढ्यात ई-मेल आली. ई-मेलवर खूण करता येत नाही म्हणून त्यांनी उत्तरंच दिली नाहीत.

मी परत आलो तोवर छापखाना बंद झाला होता. संगणकावर ज्याला जसं येईल तसं तो टाइप करू लागला, आणि चुका काढायला पगारी माणूस ठेवणं ही चैन झाली. खिळे वितळवले गेले. ज्या यंत्रांनी त्यांचं काम नेलं त्याच यंत्रांवर आमचं घर चालत होतं, पण हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. वडील तेव्हा वर्षभर सकाळी दहाला कपडे करून खुर्चीत बसत आणि सहाला उठत. मधल्या वेळात वर्तमानपत्र दुरुस्त करत.

आणि मग हे विसरणं सुरू झालं.

आम्ही दोघंही हिंजवडीला. सकाळी आठला निघायचं ते रात्री आठला. वडिलांना सांभाळायला एक माणूस ठेवला. पाचव्या दिवशी तो टेबलावर चिठ्ठी ठेवून निघून गेला. वडिलांनी ती तपासून पाकिटात घालून ठेवली होती, परत पाठवायला. 'राजिनामा' मधल्या 'जि'भोवती लाल वर्तुळ होतं आणि समासात लिहिलं होतं, 'दुसरी. बाकी मजकूर मुद्देसूद.' दुसरा माणूस नऊ दिवस टिकला. तिसऱ्याला लिहिता येत नव्हतं, तो सगळ्यांत जास्त टिकला. पण एका दुपारी त्याचा डोळा लागला आणि वडील बाहेर पडले.

चौकात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, 'हार्दीक शुभेच्छा'. वडील पेन्सिल घेऊन दुभाजकावर चढले, पण हात पोचेना म्हणून फ्लेक्सचं अंतर मोजायला चार पावलं मागे सरकले. मागे म्हणजे रस्त्यात. मी पोचलो तेव्हा गाड्यांची रांग थेट खडकवासल्याच्या धरणाला टेकली होती आणि दोन हवालदार, एक रिक्षावाला आणि एक कॉलेजची मुलगी मिळून त्यांना धरून उभे होते. अंगावर ओरखडा नव्हता. एक बस त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबली होती. ती वीत मात्र मी वाढवून सांगत नाही. मी स्वतः पाहिली.

त्या रात्री ठरलं, की त्यांना चोवीस तास माणसं असतील अशा जागी ठेवायचं. मी ठरवलं आणि मीच जेवलो नाही.

मग रविवारमागून रविवार आम्ही तिघं जागा बघत हिंडलो. पहिल्या जागेचं काय झालं ते सांगितलंच. दुसऱ्या जागेच्या फाटकावरच 'वृध्दाश्रम' असं होतं. द आधी आणि ध त्याच्या पोटात, हे वडिलांनी मालकांना हवेत बोटानं काढून दाखवलं, कारण यांनी ध वर ठेवून त्याला द जोडला होता. मालक वैतागून म्हणाले, "आजोबा, अर्थ कळला ना तुम्हाला?"

"कळला," वडील म्हणाले. "म्हणून तर वाईट वाटतं."

गाडीत बसल्यावर बायको हसत होती. मी नव्हतो हसत.

तिसरी जागा म्हणजे महाल. एवढी मोठी, की एका खोलीतून दुसरीकडे जाईपर्यंत ऋतू बदलावा. कारंजं, लायब्ररी, मऊ खुर्च्या, दाराला आकडे दाबून उघडायची कुलुपं, म्हणजे कुणी भटकायला नको. तिथे राहणाऱ्यांना रेसिडेंट म्हणत आणि त्या सगळ्या प्रकाराला कम्युनिटी. पाट्या सगळ्या इंग्रजी. वडील एका पाटीपुढे थांबले, दुसरीपुढे थांबले. खिशातली पेन्सिल काढली आणि पुन्हा ठेवून दिली. तासभर ते एका मऊ खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तिथल्या बाई म्हणाल्या, बघा, इथे येऊन किती शांत झाले. मला ते इतकं बरं वाटलं, की मी फॉर्म मागून घेतला आणि नाव, जन्मतारीख भरूनही टाकली.

बायकोनं फॉर्मवर हात ठेवला. "शांत नाही झालेत ते," ती म्हणाली. "बेकार झालेत."

मला ती खुर्ची ओळखीची वाटली. दहा ते सहाची. मी फॉर्मची घडी करून खिशात घातली आणि त्या बाईंना कळवतो म्हणालो, म्हणजे पुण्यात जे म्हणतात ते.

चौथी जागा वारज्याच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. एक साधा बंगला, मागे शेवग्याचं झाड, राहणारे चौदा जण. भिंतीचा रंग उडालेला, कारंजं नाही, पण फाटकाला कडी होती आणि कडीपाशी माणूस. तिथे सगळं बघणाऱ्या एक ताई होत्या, यवतमाळकडच्या, पंचेचाळिशीच्या. व्हरांड्यात फळा होता, त्यावर त्या रोज वार आणि जेवण लिहीत, म्हणजे आजोबा-आजींना दिवसाचा पत्ता राहावा. त्या दिवशी फळ्यावर होतं : 'आज रवीवार. पोळि, भाजि, कोशिंबिर. दूपारी चहा.'

मी डोळे मिटून घेतले. ओरडा आला नाही. उघडले तेव्हा वडील फळ्यापुढे होते, खडू हातात, बाह्या सारलेल्या. त्यांनी एकेक चूक गोल केली, समासात खुणा केल्या, दोन पावलं मागे आले. आजूबाजूला रस्ता नव्हता, फक्त शेवगा होता. मग म्हणाले, "दुसरं प्रूफ आणा."

ताईंनी निमूटपणे फळा पुसला आणि सगळं पुन्हा लिहिलं, त्यांना विचारत विचारत. शेवटी वडिलांनी खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही', आणि सही केली. ती सही मी वीस वर्षांनी बघत होतो.

वडील तिथे पावणेचार वर्षं राहिले. रोज नऊ वाजता ते आंघोळ करून फळ्यावर हजर. ताई रोज लिहीत आणि रोज चुकत. मला त्या बाईचं कौतुक वाटे. केवढी युक्ती, आणि केवढी चिकाटी! दररोज पाच-सहा नव्या चुका डोक्यातून काढायच्या म्हणजे चेष्टा नाही. मी कचेरीत दहा जणांना सांगितलं, की तुमची सगळी उपचारपद्धती एकीकडे आणि आमच्या ताईंचा खडू एकीकडे. दर दिवाळीला मी त्यांना साडी देताना डोळा मिचकावायचो. त्या साडी घ्यायच्या आणि माझ्याकडे जरा संशयानं बघायच्या.

शेवटच्या पावसाळ्यात एका शनिवारी मी गेलो. वडील फळ्यासमोर होते. 'शनीवार' गोल केलं होतं. 'आमटि' गोल केलं होतं. 'पोळि' तसंच होतं. ते तिच्यावरून दोनदा गेले, तीनदा गेले, आणि खाली सही करून मोकळे झाले. ज्या नजरेतून लग्नं सुटली नाहीत त्या नजरेतून एक पोळी सुटली. मी खडू घेतला आणि ती वेलांटी स्वतः दुसरी केली.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. जन्मभर त्यांनी मला 'अरे' आणि 'तू' म्हटलं होतं. "आपण नवीन लागलात का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"बरं आहे हात," ते म्हणाले. "ळ जरा मोकळा काढत जा."

मी त्यांना खुर्चीपर्यंत पोचवलं आणि तसाच ताईंना शोधत स्वयंपाकघरात गेलो. त्या शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांना हात जोडले. म्हणालो, ताई, इतकी वर्षं त्यांच्यासाठी तुम्ही जे केलंत ते पोटच्या पोरालाही सुचलं नसतं. आता एवढंच करा, मुद्दाम चुकताना जरा सोप्या, ठळक चुका करत जा. बारीक त्यांना आता दिसत नाहीत.

ताईंनी शेंग खाली ठेवली.

"मुद्दाम काऊन करीन जी?" त्या म्हणाल्या. "मले तसंच येते."