चाळ एक, फाईल एक

लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या निवडत होते, तेव्हा नलिनीचा फोन आला. "अगं, हे गेले," एवढंच म्हणाली. दुकानदार विचारत होता, किती देऊ... मी पिशवी तिथेच ठेवून चालत सुटले. तिचा नवरा सुधाकर, म्हणजे आमचा सुध्या, सकाळीच छातीत कळ आली म्हणून स्ट्रेचरवरून गेला होता, आणि चार दिवसांत वैतागून परत येईल असं आम्ही धरून चाललो होतो. आता काही महिने उलटले, तरी मला त्याचा राग येतो. काम अर्धवट टाकून जाणारा माणूस नव्हता तो.

ते काम म्हणजे आमच्या परळच्या चाळीचं. इमारत पाडायची ठरली, तेव्हा सुध्याने घराघरांत बसून प्रत्येकाच्या आठवणी लॅपटॉपवर टाइप करायला घेतल्या. जन्म छापखान्यात गेलेला, त्यामुळे बोटं झरझर चालायची. खोल्या रिकाम्या करण्याआधी ज्याची पानं त्याच्या हातात देईन, असं त्याने सगळ्यांना कबूल केलं होतं. मी लहानपणापासूनची शेजारीण, त्यात बँकेतून निवृत्त. चुका तपासायचं काम न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. पण सगळं एकाच फाईलमध्ये. मी म्हटलं, "घरटी वेगळी फाईल कर की रे." तर म्हणे, "चाळ एक, फाईल एक. भिंती नंतर घालू." इकडे पाटकरआजींनी आधीच बजावलं होतं, "माजा लिवलेला शेजारणीच्या हातात पडाक नको हां." त्यांनी पलीकडच्या खोलीतल्या शेजारणीची उणीदुणीच तर सांगितली होती, आणि शेजारणीने त्यांची.

म्हणून त्याने जेमतेम चार-पाच ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायची सूचना, लिहिली. घराचं नाव द्यायचं. ती फाईल वरून वाचत जाते, त्या नावाचा मथळा दिसला की ओळी उचलायला लागते आणि शेवटाची खूण दिसली की थांबते. खूण म्हणून 'समाप्त' लिहायला तो तयार नव्हता. "घरातून निघताना असलं बोलतं का कुणी?" म्हणाला, आणि प्रत्येक घराच्या मजकुराखाली त्याने लिहिलं, 'येतो'. पहिल्याच फटक्यात फजिती झाली. गिरणी बंद पडल्यावर गावडेकाकांचे वडील गावी निघाले, ते दारात "येतो" म्हणाले होते. स्क्रिप्ट तिथेच थांबली. काका पान उलटसुलट करून म्हणाले, "माज्या बापाशीक अर्ध्या वाटेर सोडलंस रे?" सुध्या पोट धरून हसला. मग ओळीत एकटंच 'येतो' असेल तरच थांबायचं, असं त्याने तिला शिकवलं.

तेराव्यानंतर नलिनीने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "तुलाच जमेल." मला ओ की ठो कळत नव्हतं. पण लोकांची बोचकी बांधून झाली होती, आणि सुध्याचा शब्द वाया जाऊ द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्याच्या ओळी वाचल्या, बिघडवल्या, पुन्हा लिहिल्या, आणि एकेक घर बाहेर काढलं. सगळ्यात शेवटी त्याचं स्वतःचं घर होतं. अर्धंच. आईच्या चुलीपर्यंत मजकूर आला होता आणि तिथेच राहिला होता. खाली 'येतो' नव्हतं. त्यात तळमजल्यावरच्या राण्यांनी ऐन वेळी आपल्या आठवणी आणून दिल्या. मी त्या खाली जोडल्या, तर स्क्रिप्ट थांबलीच नाही, सुध्याच्या पानांत राणेही छापून आले. एक शब्द लिहिला असता तर काम झालं असतं. बोटंही ठेवली होती... पण आधी नलिनीला विचारलं. ती म्हणाली, "जाताना त्यांना बोलताच आलं नाही गं. आपण कशाला त्यांच्या वतीने निरोप घ्यायचा?"

मग मी राणे उचलले आणि सुध्याच्या वर नेऊन ठेवले. घराघरांत पानं पोचली. पाटकरआजींनी आपली पानं पदराखाली घेतली आणि शेजारणीकडे बघून नुसत्या हसल्या. चाळीला आता कुलूप आहे. लॅपटॉप माझ्याकडे असतो, वडाळ्याच्या भाड्याच्या खोलीत. अजूनही कुणी आठवलेलं काहीबाही सांगतं, ते मी ज्याच्या त्याच्या घरात भरते. सुध्याच्या खाली काही जोडत नाही. कधीतरी त्याचं नाव देते. ओळी येत राहतात, चुलीपाशी येतात, आणि फाईलच संपते... स्क्रिप्ट 'येतो' शोधत राहिली तर राहू दे. मी तो शब्द लिहिणार नाही.