वहिनीचे संदेश

माझी वहिनी शिंप्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. गिऱ्हाइकाची मापं, कपडा द्यायची तारीख, कुणाचा उजवा खांदा किंचित खाली आहे, सगळं त्यात राहतं. कंपनीत माणसं तीन: वहिनी, मी तिचा दीर, आणि माझी बायको, जी हिशेब बघते आणि आम्हा दोघांना धाकात ठेवते. आमची खोली ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर आहे. खालच्या वाफेने फरशी कोमट राहते, त्यामुळे थंडीत आम्ही अनवाणीच काम करतो.

प्रोग्रॅम शिकवायला वहिनी प्रत्येक दुकानात जातीने जायची. सगळे शिंपी ओळखीचे. म्हणून त्यातले संदेशही तिने समोर बसून बोलावं तसेच लिहिले होते. कमरेचं माप मागच्यापेक्षा बरंच वाढलं की पडद्यावर यायचं, ‘फीत सैल धरलीत की गिऱ्हाईक खरंच सुटलंय? पुन्हा मोजा. आणि त्यांना काही बोलू नका.’ तारीख टाकायची राहिली तर, ‘भाऊ, कपडा या जन्मात द्यायचाय ना?’ शिंप्यांना या बोलण्याची इतकी सवय झाली होती की त्यात काही वावगं आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्या तर नव्हतंच.

एक दिवस कोटवाले काका जिना चढून आले. आमचं पहिलं गिऱ्हाईक. खुर्चीच्या कडेवर टेकले तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

“वहिनी, रागावू नका. बिलांसाठी मी त्या मोठ्या कंपनीचा प्लॅटफॉर्म घेतलाय. सगळेच घेतायत. आता तिथे बिल, इथे माप, एकच नाव दोनदा लिहायचं. माझी बोटं शिवायला आहेत हो.”

त्या प्लॅटफॉर्मवर एक बाजार होता. आमच्यासारखे छोटे लोक आपले प्रोग्रॅम तिथे ठेवत, मग ते बिलांशी आपोआप जोडले जात. मोठी कंपनी विक्रीतला वाटा घेई. मी वहिनीला आधीच दोनदा सुचवलं होतं आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली होती.

काका गेल्यावर ती म्हणाली, “त्यांच्या दारात गेलो की गिऱ्हाईक त्यांचं. मग मला कोण ओळखणार?”

“अगं, तू किती जिने चढणार? नवा माणूस आपली खोली बघूनच पळतो. तिथे त्याला भरवसा वाटेल. पैसे घेणं, पासवर्ड, माहिती जपणं, सगळं त्यांच्या गळ्यात. आपण मापं बघू.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर विकायला काढलंय. शेवटी माझी बायकोच बोलली, “काका गेले की निम्मे शिंपी जातील, वहिनी. मग ओळख घेऊन करायचं काय?”

वहिनी दुसऱ्या सकाळी कामाला लागली. प्लॅटफॉर्मच्या लोकांनी बिलं जुळतात का, माहिती फुटत नाही ना, हे कसून तपासलं. संदेश कुणी वाचलेच नाहीत. कोटवाले काका राहिले, आणि बाजारातून कुठकुठले अनोळखी शिंपी यायला लागले. वहिनीला त्यांचे चेहरे माहीत नव्हते. ती जेवताना म्हणायची, “कोण असतील गं हे?”

मग बॉम्ब पडला. कुठल्याशा दुकानात पडदा गिऱ्हाइकाकडे वळवलेला होता. चांगल्या गरगरीत गृहस्थांनी आपल्या कमरेबद्दलचा संदेश स्वतः वाचला. तक्रार थेट प्लॅटफॉर्मकडे. तिथून पत्र आलं: भाषा सुधारा, नाहीतर बाजारातून बाहेर.

वहिनीने पत्र वाचलं आणि ओढणीत तोंड खुपसून हसली. मग तिचं हसू ओसरलं. दिवसभर बसून तिने सगळं धुऊन काढलं. ‘कृपया माप तपासा.’ ‘कृपया तारीख भरा.’ मला ते बघवेना. एवढी बोलकी बाई, आणि पडद्यावर दवाखान्यातल्या पाटीसारखी ओळ.

दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेनात.

“तुमच्याकडच्या बाई सोडून गेल्या का?”

“कोण बाई?”

“त्या ओरडायच्या त्या! आता कुणी ओरडतच नाही. काल मी बिनतारखेचे कपडे घेतले.”

ही माणसं तिला कधी भेटलेली नव्हती. वहिनी फोन स्पीकरवर टाकून ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा असा उजळला की माझ्या बायकोने मान वळवून डोळे पुसले. मी प्लॅटफॉर्मला लिहिलं: दुकानदारालाच निवडू द्या. त्यांनी मान्य केलं. आता सेटिंगमध्ये दोन पर्याय आहेत, ‘साधे संदेश’ आणि ‘वहिनीचे संदेश’. साधे घेणारे अगदीच थोडे.

परवा दुपारी एका बाईचा फोन आला. गावाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

“प्रोग्रॅम बरोबर चाललाय. तक्रार नाही. आज पहिल्यांदाच एकटी कोट कापतेय. महागाचं कापड आहे, कात्री लावायचा धीर होत नाही. त्या वहिनी खऱ्या आहेत का? असतील तर जरा ओरडायला सांगा ना.”

वहिनीने माझ्या हातातून फोन हिसकावला. “दोनदा मोजलंस? मग कात्री उचल, बाई. रडायचं ते कोट झाल्यावर. मी धरते फोन, तू काप.”

पलीकडून कात्रीचा आवाज येऊ लागला. आम्ही तिघं कोमट फरशीवर अनवाणी उभे राहून तो ऐकत होतो.